गोठ्यातला ओट आणि पाकिटातले ओट्स

बारामती-इंदापूर भागात ज्यांच्या दावणीला गाई आहेत, त्यांना ओट नवीन नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरायचा, ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी, मग फुटव्यावर दुसरी. राहुरी कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' किंवा जुना 'केंट' हे वाण तुम्ही लावलेही असतील. दुकानात पाकिटातून मिळतात ते ओट्स याच पिकाचे दाणे. फरक एवढाच, की गाय तो हिरवा असताना खाते आणि आपण पिकलेला दाणा टरफल काढून, वाफवून, चपटा करून खातो. वाफवतात कारण या दाण्यात तेल जास्त असते, नाहीतर तो लवकर खवट होतो.

म्हणून चाऱ्यासाठी आणलेले बियाणे घरी कांडून खाऊ नका. त्याचे टरफल सहज निघत नाही आणि बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते.

आता कोलेस्टेरॉलचे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो. तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवे पित्त बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. हे खरे आहे, अमेरिकेच्या एफडीएने १९९७ सालीच हा दावा मान्य केला. पण त्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स. दुधात दोन चमचे टाकून काही होत नाही. आणि एवढे खाऊनही एलडीएल उतरते ५ ते ७ टक्के. १६० चे १५० झाले, तर छानच. स्टॅटिनची गोळी ते ३० ते ५० टक्के उतरवते. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, त्यांनी ओट्सच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

दुसरे, ओट्ससाठी ज्वारीची भाकरी बंद करू नका. मालदांडीच्या भाकरीतही तंतू भरपूर आहेत, ती स्वस्त आहे, आणि गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअ‍ॅक असलेल्यांना शुद्ध ज्वारी चालते. ओट्स मात्र बऱ्याचदा गव्हाच्याच गिरणीतून येतात. बीटा-ग्लुकन ज्वारीत फारसे नाही, हे मान्य. ते हवे असेल तर सातू, म्हणजे जवही आहेच.

शुगर असेल तर साधे, जाड ओट्स घ्या. मसाल्याच्या झटपट पाकिटात मीठ जास्त असते आणि बारीक चुऱ्यामुळे साखर लवकर चढते. आपला पट्टा उसाचा, त्यामुळे खिरीत गूळ पडतोच. गूळही साखरच आहे, हो! ओट्सचा उपमा करा, त्यात गाजर, मटार, शेंगदाणे घाला, पाणी भरपूर प्या.

सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून रिपोर्ट दाखवायला या. गोळीचा डोस कमी करायचा की नाही, ते तेव्हा बघू. तोवर गोळी चालू ठेवा.