किंमत आणि श्रम

पावसाळा सुरू झाला की कर्जत व खालापूर तालुक्यांतील बाजारांना निराळीच शोभा येते. दुकानांत धान्य, वह्या, छत्र्या यांची खरेदी चालू असते. कोथळीगड चढावयास येणारे हौशी प्रवासी नवे बूट व पाठपिशव्या घेऊन आलेले असतात. रस्त्याच्या कडेला ठाकर व कातकरी स्त्रिया शेवळे, टाकळा, करटोली अशा रानभाज्या मांडून बसतात.

येथे एक विचित्र गोष्ट दिसते. बंद पुड्यावर छापलेली किंमत ग्राहक निमूटपणे देतो. वास्तविक ती कमाल किंमत होय. दुकानदाराला तीहून अधिक घेता येत नाही. कमी घेण्यास मात्र पूर्ण मोकळीक असते. तेथे मौन पाळणारा ग्राहक शेवळांच्या जुडीसाठी दोन-पाच रुपयांकरिता घासाघीस करतो! ती जुडी मिळविण्यासाठी भर पावसात रान तुडवावे लागते. शिवाय शेवळे नुसतीच शिजविली तर घशाला खाज सुटते. त्यांत काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालावी लागतात. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान विकणारी स्त्री भाजीबरोबर फुकटच देते.

काटकसर हा सद्‌गुण आहे, यात शंका नाही. वजन पाहावे, तारीख वाचावी, गरजेवाचून वस्तू घेऊ नये. परंतु ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याच्याकडून वाचविलेला पैसा ही काटकसर नव्हे. वस्तू घेताना पैसे मोजावेत, तसेच तिच्यामागील श्रमही मोजावेत.