शेडमधले औषध, दवाखान्यातला जीव

आपला माणूस व्हेंटिलेटरवर असला की घरच्यांची नजर यंत्रावर खिळते. पण श्वासनळीत नळी असल्याने रोग्याला खोकून कफ टाकता येत नाही. जंतू सरळ फुप्फुसात उतरतात. त्यांतले काही नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. मग डॉक्टर कोलिस्टिन काढतात. ते मूत्रपिंडाला जड, म्हणून अगदी शेवटी.

हेच कोलिस्टिन वजन वाढावे म्हणून कोंबडीच्या खाद्यात घातले जात असे. रोज थोडे थोडे औषध मिळाले की जंतू निर्ढावतात. हा निर्ढावलेपणा एका जंतूतून दुसऱ्यात जातो, हे २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी डुकरे, मांस व रोगी तपासून दाखवले. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

तेव्हा पोल्ट्रीवाल्या बंधूंनो, खाद्याच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय औषध नको. लसी वेळेवर द्या, लिटर कोरडे ठेवा. ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. चार पैशांच्या वजनासाठी शेवटचे औषध बोथट झाले, तर उद्या खाटेवर आपलंच माणूस असेल.