वॅटचा हव्यास

गावात सामुदायिक रेडिओ काढायचा म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मशीन किती वॅटचं?" अँटेना कुठे उभारणार, केबल कुठली, लाइट गेली तर काय, हे कुणी विचारत नाही. देणगीदारालाही मशीनच द्यायचं असतं. त्यावर नाव घालता येतं. केबलवर कोण नाव घालणार!

माझ्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे. आणि अडाणीपणा म्हणायचं कारण साध्या हिशोबात आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवरच्या अँटेनाचं क्षितिज सुमारे १३ किलोमीटरवर असतं, ३० मीटरवरच्याचं २२-२३ किलोमीटरवर. वॅटचं म्हणाल तर वाटेत काहीही अडथळा नसतानासुद्धा अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. आणि मध्ये डोंगर आला तर चौपट करूनही त्याच्या पलीकडची वाडी बहिरीच.

सरकारच्या २००६ च्या धोरणात अशा केंद्रांना सर्वसाधारणपणे १०० वॅट प्रभावी शक्तीची आणि ३० मीटर उंचीची मर्यादा घातली आहे. म्हणजे वॅट वाढवायला फारशी जागाच नाही. उंची मात्र आपण निम्मीसुद्धा वापरत नाही, शाळेच्या गच्चीवर पाइप ठोकून मोकळे होतो!

आता केबल. आरजी-५८ नावाची बारीक केबल स्वस्त मिळते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्या ३० मीटरमध्ये जवळजवळ दोन तृतीयांश शक्ती उष्णता होऊन संपते. ५० वॅटचं मशीन घ्यायचं आणि अँटेनापर्यंत सोळा-सतरा वॅट पोचवायचे. शिवाय अँटेना नीट जुळवलेली नसेल तर शक्ती उलटी मशीनकडे येते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो. मग "मशीनच खराब निघालं" म्हणून दुसरं, आणखी मोठं!

गंमत अशी की ज्याने हे एफएम घडवलं त्या एडविन आर्मस्ट्राँगनेही शक्ती वाढवून प्रश्न सोडवला नव्हता. खरखरीवर उपाय म्हणजे जास्त शक्ती किंवा अरुंद पट्टा, अशी तेव्हाची समजूत होती. त्याने पट्टा उलट रुंद केला. १९३३ मध्ये पेटंटं मिळवली, १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंत्यांना स्वच्छ आवाज ऐकवून दाखवला. असो.

"मोबाईल असताना रेडिओ हवाच कशाला?" असंही हल्ली ऐकवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा कितीतरी घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. फोन कशावर चार्ज करणार? सेलवरचा रेडिओ अशा वेळी धरणातून किती पाणी सोडलं ते सांगू शकतो. पण त्यासाठी प्रक्षेपण चालू राहायला हवं. म्हणजे बॅटरी हवी, आणि ती पुराच्या पाण्याच्या वर ठेवायला हवी. विजेपासून बचावासाठी अर्थिंग हवं, तेही पावसाळ्याआधी तपासलेलं.

तेव्हा देणगीदारांना माझी विनंती आहे : मशीन २० वॅटचं घ्या. उरलेल्या पैशांत खांब, जाड केबल आणि बॅटरी द्या. नावाची पाटी हवीच असेल तर खांबाला लावा, लांबून दिसेल.