मोका पॉट विकता, मग शेगडी का विचारत नाही?

चाकणजवळ नाणेकरवाडी, म्हाळुंगे, खराबवाडी इथं खोली घेऊन राहणाऱ्या ट्रेनी पोरांकडे बहुधा गॅस नसतो, इंडक्शन असतं. त्यांनाच दुकानदार शेगडीवर कॉफी करायचा ॲल्युमिनियमचा मोका पॉट गळ्यात मारतात आणि वर 'कशावरही चालतो' म्हणून सांगतात. साफ खोटं! इंडक्शनला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. साध्या ॲल्युमिनियमवर शेगडी नुसती बीप-बीप करते. आल्फोन्सो बियालेत्तीचा हा पॉट १९३३ सालचा. तेव्हा घरोघरी इंडक्शन होतं कुठे?

मग पोरगा सपाट लोखंडी तवा ठेवून त्यावर पॉट चढवतो. त्याचं डोकं दुकानदारापेक्षा बरं चालतं. स्वस्त इंडक्शन कमी वॉटवर टाकलं तरी मंद तापत नाही. जोरात चालतं, थांबतं, पुन्हा जोरात चालतं. चुंबकी बुडाचा पॉट थेट ठेवला तर कॉफी गचके देत वर येते. तव्याचं जाड लोखंड ते गचके पोटात घेतं. मात्र वॉट कमीच ठेवायचे, नाहीतर खालची काच तापून शेगडी बंद पडते. ही माहिती खोक्यावर छापायला काय जातं?

रावेत-वाकडच्या फ्लॅटमध्ये गॅस आहे, पण अक्कल तिथंही गहाण. पॉट मोठ्या बर्नरवर, ज्योत बुडाबाहेर, मूठ वितळलेली, रबरी वायसर कडक झालेला आणि कॉफी कडूजहर. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याला भट्टीचं तापमान चुकलं तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो, हे पक्कं ठाऊक असतं; घरी तोच माणूस नॉब पूर्ण फिरवून अंघोळीला जातो. लहान बर्नर घ्या, ज्योत बुडाच्या आत ठेवा. पॉट जाळीच्या दांड्यांवर टेकत नसेल तर वर छोटी जाळी टाका. कॉइलच्या शेगडीवर बटण बंद करून भागत नाही, कॉइल तापलेलीच राहते; कॉफी फसफसू लागली की पॉटच उचलायचा.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह! टँकरच्या जड पाण्याचा क्षार त्यात बसतो आणि तो चिकटतो. वरून फिल्टरमध्ये पूड दाबून भरलेली, खाली आच मोठी. अशा वेळी वाफेनं जायचं कुठून? पाणी व्हॉल्व्हच्या खालीच भरायचं आणि व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते तपासत राहायचं, हे विकताना सांगणारा एक दुकानदार मला अजून भेटलेला नाही.