मज्जातंतूचे टोक आणि घरातले घड्याळ

कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार झालेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘सकाळी नऊ वाजता स्वतःच्या हाताने चहा घेतात, अंगणात फेरी मारतात; आणि साडेअकराला पाहावे, तर खुर्चीतून उठवत नाही. मनात आले तर सारे जमते, नाही तर काहीच नाही!’ या तक्रारीत थकवा असतो, क्वचित रागही असतो. ज्यांच्याविषयी ती केली जाते ते मात्र आपल्याला काय होते आहे हे नीट सांगता न आल्याने अधिकच मिटून जातात. हा हट्ट नव्हे आणि आळसही नव्हे. याचे कारण मेंदूतील मज्जातंतूंच्या अतिसूक्ष्म टोकांमध्ये आहे. आज ते समजून घेऊ.

मेंदूतील बहुतेक पेशी एकमेकींना प्रत्यक्ष जोडलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शाएवढी फट असते. तंतूमधून विजेच्या रूपाने धावत आलेला संदेश टोकाशी येऊन थांबतो आणि तेथून पुढे रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो. आपल्या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या अशा रसायनांपैकी डोपामिन हे फार महत्त्वाचे.

तंतूच्या टोकात हे डोपामिन सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरून ठेवलेले असते. संदेश येताच टोकाच्या आवरणातील दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि काही पिशव्या आवरणाशी एकरूप होऊन आपला ऐवज फटीत रिता करतात. हे सारे निमिषार्धात घडते. संदेशवाहक रसायन सैल हाताने ओतले जात नाही, तर पळीने वाढावे तसे ठरावीक मापानेच सुटते, हे बर्नार्ड कॅट्झ यांनी स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखवले. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

टोकाचे काम एवढ्यावर संपत नाही. फटीतले डोपामिन पुरेसे झाले की टोकावरच असलेले संवेदक ते ओळखतात आणि पुढचा पुरवठा आवरता घेतात. उरलेले डोपामिन टोक पुन्हा आत ओढून घेते आणि पिशव्यांत भरून ठेवते. साठवण, मोजमाप, आवर आणि काटकसर ही चारही कामे हे चिमुकले टोक अहोरात्र करीत असते.

या पिशव्या रित्या झाल्या तर काय होते, हे कळण्यास आपल्या सर्पगंधेने हातभार लावला. उच्च रक्तदाबावर सर्पगंधा गुणकारी असल्याचे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडले. पुढे १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. हे रेसर्पिन टोकांतील पिशव्या भरू देत नाही. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित झाले. १९५७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की अशा सशांना लेवोडोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन तयार करते ते द्रव्य, टोचले की ते पुन्हा हालचाल करू लागतात. आज कंपवाताच्या रुग्णांना दिली जाणारी मुख्य गोळी याच लेवोडोपाची असते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता आपल्या घरातील प्रश्नाकडे वळू. लेवोडोपा रक्तात फार काळ टिकत नाही; साधारण दीड तासात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही आजाराच्या आरंभीच्या काळात दिवसातून तीन गोळ्या पुरतात. हे कसे? ज्या घरी गच्चीवर पाण्याची टाकी आहे, त्या घरी नळाला तासभरच पाणी आले तरी दिवसभर पुरते. मज्जातंतूंची शाबूत टोके ही अशी टाकी असते. ती गोळीतून मिळालेले डोपामिन साठवतात आणि बेताबेताने सोडतात.

आजार वाढतो तसतशी ही टोके नष्ट होत जातात. टाकी लहान होते आणि नळ चालू असेल तेवढाच वेळ पाणी मिळते. गोळीचा अंमल चढला की माणूस चालतो-बोलतो. अंमल उतरला की पाय जमिनीला खिळतात. साडेअकराच्या त्या खुर्चीचे रहस्य हे आहे. इच्छा तीच असते. ती स्नायूंपर्यंत पोहोचवणारा पुरवठा आटलेला असतो.

म्हणूनच टोकांचे हरवलेले मोजमाप घरातील घड्याळाने सांभाळावे लागते. त्यासाठी काही पथ्ये सांगतो.

गोळीची वेळ काटेकोरपणे पाळा. ‘जरा काम उरकून देते’ हा अर्धा तास आपल्याला किरकोळ वाटतो. त्यांच्यासाठी तो स्नानगृहापर्यंत स्वतः जाणे आणि न जाणे यांतील फरक असू शकतो.

डाळी, उसळी, दूध, पनीर, अंडी यांतील प्रथिने लेवोडोपाच्या शोषणाच्या आड येऊ शकतात. म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने देतात. प्रथिने बंद मात्र करू नका, अशक्तपणा येईल. लोहाची गोळीही सोबत देऊ नये.

एक वही ठेवा. गोळी केव्हा दिली, हालचाल केव्हा मोकळी झाली, केव्हा पुन्हा अडखळली आणि अंगाला अनावर हिसके केव्हा आले, हे आठवडाभर टिपा. दोन गोळ्यांतील अंतर कमी करणे, गोळीचा प्रकार बदलणे किंवा जोड औषध देणे हे निर्णय डॉक्टर या नोंदींवरून अधिक नेमकेपणाने घेऊ शकतात.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती एकाएकी थांबली तर तीव्र ताठरपणा, ताप आणि संभ्रम अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. घरी एकादशी असली तरी गोळी चुकवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहायचे असेल, तर गोळीचे काय करावे हे आधीच विचारून घ्या. रुग्णालयात दाखल होताना गोळ्यांच्या वेळांचा कागद परिचारिकेच्या हाती द्या. उलटीवरील काही नेहमीची औषधे, उदाहरणार्थ मेटोक्लोप्रमाइड, डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. म्हणून आजाराचे नाव प्रत्येक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या चूर्णाविषयी. या बियांत लेवोडोपा नैसर्गिकरीत्याच असते हे खरे. परंतु म्हणूनच ते गोळीच्या जोडीला परस्पर देणे धोक्याचे. मात्रा वाढून अनावर हालचाली किंवा भास होऊ शकतात. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ते देऊ नये.

ज्येष्ठ वाचकहो, ज्या वेळी शरीर साथ देत नाही, त्या वेळी ‘गोळी उतरली आहे’ एवढे तीन शब्द घरच्यांना निःसंकोच सांगा. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, खुर्चीतून उठवत नसेल तेव्हा ‘उठा’ म्हणण्याआधी घड्याळाकडे एकदा पाहा. कदाचित पुढची गोळी जवळ आली असेल. तोवर शेजारी बसून राहणे ही देखील शुश्रूषाच आहे.