'अज्ञान' कोण?

परवा अकरावीतला एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्यापाशी घुटमळला. "सर, आईबाबा वेगळे राहतात. मी कोणाकडे राहणार, हे उद्या न्यायाधीश मला विचारणार आहेत. आईचं नाव घेतलं तर बाबा खचतील."

मी म्हणालो, "मनातलं सांग. समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, असं १८९० चा पालक व पाल्य कायदा सांगतो. पण निकाल न्यायाधीशांचा, तोही तुझं हित पाहून. तो भार तुझ्यावर नाही."

त्याला हायसे वाटले. जाताना म्हणाला, "मात्र दिवाळीचा फराळ बाबांकडे!"

अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात. दोघांनाही जपणारे त्या घरात तेवढे एकच माणूस होते. त्याला अज्ञान म्हणताना या मराठीच्या मास्तराची जीभ अडखळली.