तरंगत्या शहराची किंमत

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीस निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे २० मजली क्रूझ जहाज प्रवासी व कर्मचारी मिळून जवळपास दहा हजार माणसे सामावते. अशा जहाजांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सामान एकदाच उघडायचे, रात्री झोपेतच प्रवास व्हायचा आणि सकाळी नवे बंदर, निवास-भोजन तिकिटातच. वृद्ध आईवडील वा लहान मुले सोबत असणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटते.

मात्र मद्य, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहलींचे पैसे बहुधा वेगळे पडतात. बंदरात मिळतात ते जेमतेम काही तास. दाटीचा धोका फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात दिसला. ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिक जणांना करोनाची लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतील १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांना जेवण पोहोचविण्याचे काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागले.

किनाऱ्यावरील शहरांनाही झळ बसते. ऑगस्ट २०२१ पासून इटलीने महाकाय जहाजांना व्हेनिसच्या ज्यूदेक्का कालव्यात मज्जाव केला तो त्यामुळेच. वगळलेले खर्च आणि बंदरातील मुक्काम आधी तपासणारा प्रवासी स्वतःपुरता शहाणा ठरेल. कर्मचारी आणि किनारे यांचा हिशेब मात्र सरकारांनाच मांडावा लागेल.